मिरजेला कशाला गेलात?

ऊर्मिला मोघे तशी शांत बाई. झिंडेलफिंगेनच्या एका किंडरगार्टनमध्ये ती कित्येक वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळते. पोराने भिंतीला जॅम फासला तरी "आल्झो, चला, आता पुसूया" एवढंच म्हणणार, आवाज चढवणार नाही. पण गेल्या उन्हाळ्यात या बाईच्या तोंडात एकच वाक्य बसलं होतं. भांडी आपटताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. "पण मी म्हणते, मिरजेला कशाला गेलात?"

हे वाक्य होतं सासूबाईंसाठी. वसुधाबाई मिरजेच्या, सत्तरी ओलांडलेल्या, नवरा गेल्यापासून दर उन्हाळ्यात तीन महिने मुलाकडे येणाऱ्या. कानाने जरा कमी. पहिल्या हाकेला ओ दिली असं कधी झालं नाही. दुसरीला मान हलायची आणि तिसरीला "काय गं?" यायचं. त्यांना ऐकू येतं, पण ओ द्यायची नसते, असा ऊर्मिलेचा पक्का संशय होता.

सगळं सुरू झालं ते उर्जापायी. उर्जा ही थोरली. गाव मोटारींच्या कारखान्यावर जगणारं, बाप मोटारींचा इंजिनिअर, आणि समुद्र इथून गाडीने आठ तास लांब. पण पोरीला लहानपणापासून वेड जहाजांचं! ग्लासगोला पुढच्या वर्षापासून जहाजबांधणी शिकायला प्रवेश मिळाला तेव्हा घरभर नाचली. शिकून झाल्यावर तिथल्याच गोदीत काम करायचं हेही तिचं ठरलेलं. फक्त त्या गोदीत चालतात नौदलाची कामं, आणि परक्या देशाच्या माणसाला ते दारातही उभं करत नाहीत. उर्जाच्या हातात पासपोर्ट होता भारताचा, तोही ऊर्मिलेने वेळच्या वेळी खेटे घालून काढलेला.

"त्यात काय?" हृषिकेश म्हणाला. हा उर्जाचा बाप. "बाप ब्रिटिश म्हणजे पोरी ब्रिटिश. पासपोर्ट तेवढा काढायचा राहिलाय."

हे "राहिलाय" तो सतरा वर्षं म्हणत होता. दिवाळीला म्हणाला, नाताळाला म्हणाला, ब्रेक्झिट झालं तेव्हा तर टेबलावर हात आपटून म्हणाला. पण फॉर्म उघडून बघेल तर शपथ. शेवटी ऊर्मिलेने शोभनाला फोन लावला. शोभना तिची शाळेतली मैत्रीण, लंडनजवळ वकिली करते आणि हीच कामं बघते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, पोरी ब्रिटिश नाहीतच!"

"म्हणजे? हृषीचा पासपोर्ट आहे की!"

"त्याचा आहे. नीट ऐक. तुझे सासरे तिकडे राहून रीतसर ब्रिटिश झाले. हृषिकेश जन्मला मिरजेला, म्हणून त्याला ते बापाकडून मिळालं. असं परदेशात जन्मलेल्याला बापाकडून मिळालेलं नागरिकत्व एकच पिढी उतरतं. पुढच्या पिढीची पोरंही बाहेर जन्मली की त्यांची नोंदणी करावी लागते. हृषिकेश वुल्व्हरहॅम्प्टनला जन्मला असता, तर तुझ्या पोरी जर्मनीत काय, चंद्रावर झाल्या असत्या तरी आपोआप ब्रिटिश होत्या."

ऊर्मिलेच्या डोक्यात वुल्व्हरहॅम्प्टन घण मारल्यासारखं वाजलं. कारण सासूबाई तिथेच तर राहत होत्या! लग्न झाल्यावर दोन वर्षं. सासरे दत्तात्रय तिथल्या ओतशाळेत नोकरीला होते. आणि सासूबाई सातव्या महिन्यात विमानात बसून बाळंतपणाला गेल्या कुठे? मिरजेला!

"आता करायचं काय?" तिने विचारलं.

"हृषिकेश पोरी व्हायच्या आधी चार वर्षं कव्हेंट्रीला होता, ते कामाचं आहे. त्यामुळे नोंदणीचा हक्क आहे. पण अर्ज अठरा पूर्ण व्हायच्या आत पोचायला हवा. नंतर दार कायमचं बंद. आणि कच्चे कागद पाठवून अर्ज नाकारला गेला, तर दुसरा करायला उर्जाला वेळच उरणार नाही. एकदाच काय तो, पण चोख."

उर्जाला अठरा पूर्ण होणार होती ऑक्टोबरात. हे बोलणं चाललं होतं जुलैत. धाकटी सुरुची बारा वर्षांची, तिचं निभावलं असतं. उर्जाचं मात्र आत्ता नाही तर कधीच नाही. उर्जा दारात उभं राहून ऐकत होती. "नाईन," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. या पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. त्या दिवशी जेवायलाही बाहेर आली नाही.

मग ऊर्मिलेने पदर खोचला. जीन्सवर पदर कुठला, पण खोचला. सासऱ्यांचे कागद, हृषिकेशचे कव्हेंट्रीचे कागद, पोरींची गेबुर्ट्सउरकुंडं म्हणजे जन्मदाखले, सगळं गोळा करून शोभनाला पाठवलं. वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! शोभनाचा परत व्हिडिओ कॉल.

"ऊर्मिला, ही मनोरमा कोण?"

"कोण मनोरमा?"

"तुझ्या सासऱ्यांच्या लग्नाच्या दाखल्यावर नवरी आहे कुमारी मनोरमा विष्णू केळकर. आणि हृषिकेशच्या जन्मदाखल्यावर आई आहे वसुधा दत्तात्रय मोघे. त्या काळच्या कायद्याने, आईबापाचं एकमेकांशी लग्न झालेलं असेल तरच बापाचं नागरिकत्व मुलाला. हे कागद बघून कोणीही म्हणेल की लग्न एकीशी आणि मूल दुसरीचं."

"अगंबाई!" ऊर्मिला खुर्चीतून उठलीच. सासूबाई पलीकडे बसून घेवडा निवडत होत्या. "आई! अहो आई! अहो आई, मनोरमा कोण?"

एरवी तिसऱ्या हाकेला "काय गं" यायचं. या वेळी घेवड्याची शेंग हातात तशीच राहिली.

"मीच की," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही? मग कधी बोलला नाहीत ते?"

"कोणी विचारलं का?" आणि शेंगेचा दोरा ओढून पुन्हा कामाला लागल्या.

झालं होतं ते आपल्याकडे शंभर घरांत झालेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. सकाळची मनोरमा संध्याकाळी वसुधा. ना सरकारी गॅझेट, ना शिक्का. त्या तांदळांचा कधीच भात होऊन गेला असणार. हृषिकेशचा पासपोर्ट काढताना दोन नावं कुणाच्या नजरेत आली नव्हती. कागद सासऱ्यांनीच जुळवले होते, आणि जुळवाजुळवीत तो माणूस तरबेज होता.

"प्रतिज्ञापत्र करा," शोभना म्हणाली. "वसुधा आणि मनोरमा ही व्यक्ती एकच. सोबत जुन्या नावाचा एखादा पुरावा."

ऊर्मिला आधी गेली गावातल्या जर्मन नोटारकडे. बरोबर सासूबाई आणि जर्मन नीट बोलणारी म्हणून उर्जा. नोटार म्हणजे टाय, चष्मा आणि टेबलावर धुळीचा कण नाही. त्याने पासपोर्ट बघितला, सासूबाईंकडे बघितलं. या बाई वसुधा, हे ठीक. मनोरमाचं वसुधा कोणत्या आम्टने केलं? म्हणजे कोणत्या सरकारी कचेरीने?

उर्जाने जर्मनमध्ये सांगितलं की कचेरी नव्हती, नवऱ्याने लिहिलं. कशावर लिहिलं? "राईस," उर्जा म्हणाली. जर्मनमध्येही तांदळाला राईसच म्हणतात. नोटारने चष्मा काढला. "इन राईस?" शिजवलेल्या? नाही, कच्च्या. मग तो राईस आता कुठे आहे? ऊर्मिलेने हे सासूबाईंना मराठीत सांगितलं.

"खाल्ला म्हणावं," सासूबाई मराठीत म्हणाल्या. त्यांना हे बरं पहिल्या फटक्यात ऐकू आलं!

नोटार सभ्य होता, हसला नाही. मी बाईंच्या सहीची खात्री देईन, म्हणाला, पण त्या मनोरमा होत्या याची कशी देऊ? आधी आपल्या देशाच्या कचेरीत विचारा. ऊर्मिलेने घर गाठलं. दार लावलं आणि तोंडाचा पट्टा सुटला.

"तिकडे हॉस्पिटल घराच्या कोपऱ्यावर! डॉक्टर आहेत, नर्स आहेत, सगळं फुकट! आणि ही बाई पोट घेऊन अर्धं जग ओलांडून जाते. कशाला, तर मिरजेला! मिरजेला कशाला गेलात हो आई?"

"पहिलं बाळंतपण माहेरीच असतं," सासूबाई म्हणाल्या. दर वेळी हेच उत्तर. शब्द तेच, सूर तोच. ऊर्मिलेला वाटायचं, भिंतीवर डोकं आपटावं. पण भिंत भाड्याची.

मग पुरावा. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तर त्यावर मनोरमा नाव आणि पासपोर्टवरचीच जन्मतारीख, म्हणजे काम फत्ते. मिरजेत कपिल होता, सासूबाईंचा भाचा. तो शाळेत गेला. शाळा म्हणाली, दाखला त्याच व्यक्तीला देतो. कपिल म्हणाला, आत्या जर्मनीत आहे, हे घ्या तिच्या सहीचं पत्र आणि पासपोर्टची प्रत. शाळा म्हणाली, हे तर वसुधा मोघेंचं. आमच्याकडे आहे मनोरमा केळकर. दोघी एकच आहेत याचा पुरावा आणा.

"अरे, पुरावा मिळावा म्हणूनच तर दाखला हवाय!" ऊर्मिला फोनवर ओरडली.

"वहिनी, मीही तेच म्हणालो. ते म्हणाले, पुरावा असेल तरच दाखला."

ऊर्मिलेने फोन कोचावर फेकला. किंडरगार्टनमध्ये जॅम पुसणारी हीच ती बाई. त्या आठवड्यात तिने डाळीत मीठ दोनदा घातलं आणि हृषिकेश "गेनाऊ, अगदी, होईल गं सगळं" म्हणाला तेव्हा डाळीचं पातेलं त्याच्यासमोर ठेवून ती उठून गेली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. उर्जा खोलीतली जहाजांची चित्रं भिंतीवरून काढायला लागली होती, ते त्याला दिसत नव्हतं. ऊर्मिलेला दिसत होतं.

सप्टेंबर लागला. आणि जे कायद्याने झालं नाही ते मिरजेने केलं. हेडमास्तरांची सासू निघाली केळकरांच्या गल्लीतली. "विष्णू केळकरांची ना? डाव्या हाताने लंगडी खेळताना पडली होती ती?" असं काहीतरी म्हणाली म्हणे. डाव्या हाताने लंगडी कशी खेळतात देव जाणे, पण दाखला निघाला आणि कुरियरने झिंडेलफिंगेनला आला.

आता प्रतिज्ञापत्राचा मजकूर. शोभनाने बजावलं होतं की त्यांच्याच शब्दांत सांगू दे, कधी बदललं, कोणी बदललं, का बदललं. रविवारी सकाळी चहा घेऊन सगळे बसले. ऊर्मिला लॅपटॉप घेऊन.

"आई, नाव कोणी ठरवलं?"

"मला काय विचारून ठरवलं? मोघ्यांकडे आधीच एक मनोरमा होती, थोरल्या जाऊबाई. एका घरात दोन कशा चालतील? मांडवातच ठरलं. मला कळलं ताट समोर आल्यावर. तेही उलटं. ताट ह्यांच्याकडे तोंड करून होतं ना. मी आधी काहीतरी भलतंच वाचलं."

हृषिकेशने कप खाली ठेवला. "बघ आई, म्हणूनच मी ऊर्मिलेचं नाव बदललं नाही. मी पहिल्यापासून त्या विचारांचा."

हे भाषण स्टुटगार्टच्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांचं पाठ होतं. गणपतीत एकदा, संक्रांतीला एकदा. बायका ऊर्मिलेला म्हणायच्या, नशीबवान आहेस हो. तीही म्हणायची, आहे खरी.

"तू?" सासूबाई म्हणाल्या. "तू मैथिली लिहायला बसला होतास. ‘मै’ काढून झाला होता. मी ताट हलवलं म्हणून."

ऊर्मिलेला एकदम आठवलं. ताट खरंच हललं होतं! सासूबाईंचा धक्का लागला, तांदूळ सांडले, कोणीतरी मावशी "अपशकुन गं बाई" म्हणाली होती. मग सासूबाईच म्हणाल्या होत्या, जाऊ दे आता, आहे तेच लिही, उशीर होतोय. ऊर्मिलेने तेव्हा मनात धरलं होतं की सासूला आपली हौसच नाही, साधं एक नाव द्यायचंही जिवावर आलं. इतकी वर्षं धरलं होतं.

"आई, तुम्ही मुद्दाम हलवलंत?"

"मग काय भूकंप झाला होता?"

उर्जा खो खो हसली. कितीतरी दिवसांनी. हृषिकेश चहा गार झाला म्हणत स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला.

पुढच्या आठवड्यात ऊर्मिला रजा काढून सासूबाईंना घेऊन म्युनिकच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये गेली. खिडकीपलीकडच्या बाईंनी दाखला बघितला, तारीख ताडली, मजकूर वाचला. तांदळाचं वाचून त्यांनी भुवईसुद्धा उचलली नाही. म्हणाल्या, "आमच्याकडे असे पुष्कळ येतात. इथे सही करा. आणि खाली जुन्या नावाची."

सासूबाईंनी वसुधा मोघे अशी सही झरकन केली. मग पेन थांबलं. जुनी सही म्हणजे शाळेतली, मग लागलीच लग्न. हळूहळू एकेक अक्षर लावत त्यांनी लिहिलं. ‘म’ मोठा झाला आणि ‘केळकर’ला जागा पुरेना. मागे रांग खोळंबली होती, ऊर्मिलेच्या तोंडावर "आई, आटपा" आलं होतं. तिने ते गिळलं.

परतीच्या गाडीत दोघी खिडकीशी बसल्या. उल्म स्टेशन गेलं. डबे उघडले, पोळीभाजी झाली. कागद हातात होते, अर्ज आता वेळेत जाणार होता, तरी ऊर्मिलेला राहवेना. इतके महिने जे खदखदत होतं ते पुन्हा वर आलंच, पण या वेळी आवाज चढला नाही. थकली होती बिचारी.

"खरं सांगा आई. मिरजेला कशाला गेलात? पहिलं बाळंतपण माहेरी असतं, हे नका सांगू. माझ्या दोन्ही बाळंतपणांना तुम्हीच म्हणालात, तिकडेच राहा, उगाच धावपळ नको."

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट लागेना, पुन्हा लावलं.

"वुल्व्हरहॅम्प्टनला मी दोन वर्षं होते. हे मला ‘अगं’ म्हणायचे. शेजारीण म्हणायची मिसेस मोघे. घरून पत्रं यायची, तीही चि. सौ. वसुधा हिस. माझे वडीलसुद्धा तसंच लिहायचे. मुलीला आता सासरच्याच नावाने लिहावं, अशी पद्धत. आईला लिहिता येत नव्हतं. ती मला मनू म्हणायची. पत्रातून ते कसं येणार? दोन वर्षांत कोणी मला मनू म्हणून हाक मारली नव्हती, ऊर्मिला. मला वाटायला लागलं की मी मेलेच आहे आणि ही दुसरीच कोणीतरी बाई इथे भाकऱ्या थापतेय. मूल व्हायच्या आधी एकदा ते ऐकायचं होतं. म्हणून गेले."

ऊर्मिलेने हातातला डबा बाजूला ठेवला.

"आईने टांग्यातून उतरताना बघितलं आणि गल्लीच्या तोंडापासून ओरडली, मनू! बस. मग नंतर काय झालं नि काय नाही." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मला काय माहीत, त्यापायी पोरीची गोदी अडेल. चुकलंच माझं."

"नाही चुकलं," ऊर्मिला म्हणाली. "मीच नुसती तोंड सोडत होते तुमच्यावर. बरं केलंत गेलात ते."

"ते असू दे. अर्ज पोचेल ना वेळेत?"

अर्ज पोचला. वाढदिवसाच्या आधी पोचला. दोन्ही पोरींचे एकत्रच पाठवले होते. सासूबाईंचा व्हिसा संपत आला, त्या मिरजेला परत गेल्या. उर्जाला अठरा पूर्ण झाली, नाताळ झाला, आणि उत्तर काही येईना. ऊर्मिला रोज मेल उघडायची आणि रोज चिडायची. या वेळी कोणावर चिडायचं तेही कळत नव्हतं, म्हणून हृषिकेशवर चिडायची. तोही हल्ली ऐकून घ्यायचा. महाराष्ट्र मंडळातल्या संक्रांतीला त्याने नावाचं भाषण केलं नाही, हे सगळ्या बायकांनी टिपलं.

फेब्रुवारीत उत्तर आलं. मंजूर. दोघींचंही. उर्जाने ते तीनदा वाचलं, आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पाठीत धपाटा घातला आणि सगळ्यात आधी मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे फोन उचलला कपिलने. त्याने तो टेबलावर उभा केला आणि तो निघून गेला. सासूबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, खिडकीशी, काहीतरी निवडत.

"आई!" ऊर्मिला ओरडली. "अहो आई!"

छे. मान नाही की हूं नाही. तिसरी हाक मारायला ऊर्मिलेने श्वास घेतला, तेवढ्यात उर्जाने तिच्या हातातून फोन घेतला. म्युनिकच्या गाडीतलं सगळं ऊर्मिलेने तिला सांगितलं होतं.

"मनू!" उर्जाने हाक मारली.

"ओ!" म्हणत सासूबाई ताडकन उठल्या, आणि मांडीवरच्या शेंगा घरभर सांडल्या.